खड्डा नव्हता, दादा

दादा,

त्या दिवशी सकाळी आमच्या कर्जतच्या घरी तू म्हणालास, "बेबी, चहात साखर कमी पडलीय." मी शाळेत जायच्या गडबडीत होते. माझ्या वर्गाच्या निकालाचं काम होतं, डबा भरायचा राहिला होता. मी म्हणाले, "बरणी फळीवर आहे, उठून घे." तू उठलास, स्वतःच्या कपात साखर घातलीस आणि न विचारता माझ्याही कपात अर्धा चमचा टाकलास. आपलं बोलणं तिथंच संपलं. मी चपला घालून निघाले तेव्हा तू आईच्या पायाला तेल चोळत बसला होतास. 'येते' म्हणाले की नाही, तेही आठवत नाही. सख्ख्या भावाला रोज कोण म्हणतं?

तू किती चांगला चित्रकलेचा शिक्षक होतास, केडगावातल्या भीमजयंतीच्या कमानी तुझ्या हाताशिवाय उभ्या राहत नसत, पोरं तुला कशी 'रंगाचे सर' म्हणायची, हे सगळं सांगून झालंय. तू गेल्यावरच्या जलदानविधीला माणसं रांगेनं उठून बोलली. मला ते पुन्हा लिहायचं नाही. तू गेल्यावर काय काय झालं ते तुला सांगायचंय. आणि थोडं भांडायचंही आहे.

आपल्या घरात एक शब्द चालत नसे. वडिलांनी धम्म घेतला नि देव्हारा उचलून बाहेर ठेवला, त्याबरोबर तो शब्दही घराबाहेर ठेवला होता, असं तूच मला सांगायचास. नशीब. तू मला सायकल शिकवत होतास तेव्हा उतारावरून मी थेट बाभळीत गेले. आई धावत आली नि म्हणाली, "पोरीच्या नशिबालाच काय तरी लागलंय." तू माझे काटे काढायच्या आधी सायकल उलटी केलीस. चाक फिरवलंस, ब्रेक दाबलास आणि म्हणालास, "नशिबाला काही लागलेलं नाही. ब्रेकचं रबर झिजलंय." तेव्हा मला तुझा इतका राग आला होता! बहीण रक्तानं भरलीय आणि हा चाक बघतोय. मग तू माझ्या तळहातातले काटे काढत बसलास, एकेक, सुईनं, आणि मला रडू आलं की थांबत होतास.

तू असाच होतास. वहिनी चिडवायची की शेगडी बंद केल्यावर तू परत दोनदा जाऊन बघतोस. एसटीत बसण्याआधी चाकांकडं एक नजर टाकायचास. आम्ही हसायचो. त्यात माझा नवराही असायचा आणि तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

माझा नवरा म्हणजे तुझा शाळासोबती प्रकाश. स्थळ तूच आणलं होतंस. "माणूस उडता आहे, पण मनानं मोठा आहे," असं आईला म्हणाला होतास. खोटं नव्हतं ते. कर्जतला फोटो स्टुडिओ टाकला, मग लग्नांच्या व्हिडिओचं आलं, तर तालुक्यात पहिल्यांदा ह्यांनीच कॅमेरा आणला. गरिबाच्या लग्नात निम्म्या पैशात शूटिंग करून यायचे. मग एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. लाइटचे स्टँड, बॅटऱ्या, वायरी, सगळं त्यात. व्हॅन आली त्या दिवशी हे तुला आणायला मुद्दाम केडगावला गेले होते. तू पुढं बसलास, कर्जतपर्यंत दोघं गाणी म्हणत आलात.

नंतर टायर झिजले. गोटा झाले होते अगदी, हात फिरवला तर रबर गुळगुळीत लागायचं. लग्नसराई ऐन भरात होती, गाडी उभी ठेवणं शक्य नव्हतं. ह्यांनी नगरहून चारही टायर बदलून आणले. स्वस्तात. "बघ, नवेकोरे वाटतात की नाही?" असं मला अंगणात नेऊन दाखवलं. वाटतच होते. काळेभोर, खोल नक्षी.

तुझ्या लक्षात आलं ते जयंतीला. तू आमच्याकडं आला होतास आणि प्रज्ञानं हट्ट धरला होता की मामानं आमच्या गाडीचं चित्र काढायचं. तुम्हाला मूल नव्हतं, प्रज्ञाच तुमची. तू पायरीवर बसलास. पेन्सिलनं छप्पर काढलंस, खिडक्या काढल्यास, आणि मागच्या चाकापाशी हात थांबला. उठून जवळ गेलास. उकिडवा बसून बघत राहिलास. टायरच्या बाजूला फुगा आला होता, लिंबाएवढा. आणि नक्षीच्या कडेला बारीक फट होती, नखानं उचकटता येईल अशी.

"प्रकाश, हे टायर नवे नाहीत," तू म्हणालास.

"रिमोल्ड आहेत. माहितीय मला."

"म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चिकटवलेलं."

"अरे, अख्खे ट्रकवाले त्याच्यावर चालतात."

"मागच्या बाजूला चालतात. तिथं त्यांना जोडीनं चाकं असतात, एक गेलं तर दुसरं सांभाळतं. तुझ्याकडं एकेकच आहे. आणि ट्रकवाल्यांचे कोणी नीट करून दिलेले असतात. हे कोणी केलेत, कधी केलेत? आतला टायर किती वर्षांचा आहे, माहिती आहे तुला?"

"चित्र काढ ना तू गपगुमान!"

हे हसत म्हणाले, पण अंगणात जयंतीची माणसं जमली होती. त्यांच्यापुढं तू बोललास, ते ह्यांना लागलं. तू ऐकेनास. "चपलेला नवा तळ लावला आणि तो सुटला तर माणूस अनवाणी घरी येतो. हा सुटला तर काय?" ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "एवढी भीती वाटत असेल तर बसू नकोस माझ्या गाडीत."

"नाहीच बसणार. टायर बदलल्याशिवाय नाही."

आणि तू खरंच बसला नाहीस. त्या संध्याकाळी हे नगरला निघाले होते, तरी तू एसटीनं गेलास. पुढच्या वेळीही एसटीनंच आलास. हे स्टँडवर घ्यायला आले, तर पिशवी गाडीत ठेवलीस आणि स्वतः चालत घरी आलास! दोन शाळासोबती, केस पांढरे व्हायला लागलेले, नि घुम्यासारखे वागत होते. मी दोघांनाही बोलले. ह्यांना म्हणाले, बदला की टायर. हे म्हणाले, सराई संपू दे. मला वाटलं, संपेल सराई.

साखर कमी पडली त्याच दिवशी दुपारी आईला दम लागला; ती थोडे दिवस आमच्याकडं राहायला होती नि तू तिला भेटायला आला होतास. मी शाळेत होते. प्रज्ञा शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आली, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, इथं थांबू नका, नगरला न्या, ऑक्सिजन लागेल. तू जीप बघायला चौकात धावलास. बाजाराचा दिवस होता, एकही गाडी रिकामी नव्हती. परत आलास तर ह्यांनी व्हॅन दारात लावली होती. आदल्या दिवशीच्या लग्नाचे लाइट, बॅटऱ्या अजून मागंच होत्या. उतरवायला वेळ कुणाला होता?

प्रज्ञा सांगते, मामा फक्त एकदा मागच्या चाकाकडं बघून थांबले. मग आजीला उचलून आत घेतलं आणि बसले. जाताना तिला म्हणाले, "आईला सांग, घाबरू नकोस म्हणावं."

दादा, भांडण आहे ते इथं. तू कशाला बसलास? मी मनात कितीदा विचारलं. आणि प्रत्येक वेळी तूच मला उलट विचारतोस, आईचा श्वास आधी की टायर? श्वासच आधी, हे मलाही कळतं. पण राग आहे. ज्या माणसानं एवढं नीट बघितलं, त्यालाच ते मागं टाकून बसावं लागलं, हा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही.

पुढचं आईनं सांगितलं. तिला लगेच सांगता आलं नाही. हाताला प्लॅस्टर घालून ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. मग एके दिवशी आपणहून बोलली. "मला त्यानं मांडीवर घेतलं हुतं. म्हणला, आय, डोळं मिट, आत्ता नगर येतंय. उनाचा तडाखा लई हुता. खालून फटाफट कायतरी आपटाया लागलं. प्रकाश म्हणला, कसला आवाज येतोय? तवर धाडदिशी वाजलं अन् गाडी आडवीच झाली. त्यानं मला असं कवटाळलं, बेबे, का मला काय दिसंनाच. निस्ता त्याचा सदरा दिसत हुता."

मिरजगाव ओलांडून थोडं पुढं, रस्त्याकडेच्या कडुलिंबावर गाडी आदळली. तू बसला होतास त्या बाजूनं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं तिघांनाही नगरला पोचवलं. आईला ऑक्सिजन लावला, ती संध्याकाळपर्यंत सावरली. ह्यांच्या कपाळाला टाके पडले. तू वाटेतच गेला होतास.

ह्यांनी पोलिसांना सांगितलं, खड्डा आला. खड्डा चुकवताना गाडी गेली.

जलदानविधीला सगळ्यांनी तेच धरलं. "रस्तेच असे आहेत," कोणी म्हणालं. "काळच आला होता, आईचं निमित्त झालं," कोणी म्हणालं. तुझ्या शाळेतले एक सर उठून म्हणाले, "नियतीपुढं कुणाचं चालत नाही." तुझ्या फोटोसमोर, दादा! तुझ्या घरात! मी वहिनीकडं बघितलं. ती मान खाली घालून पदराचं टोक घड्या घालत बसली होती. ह्यांना बोलायला उभं केलं. कपाळावर पट्टी होती. "माझा भाऊ गेला," म्हणाले. मग म्हणाले, "रस्ता फार खराब होता." आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कर्जतला निघालो. मी खिडकीशी, हे शेजारी. रुईछत्तिशी मागं पडली तशी मी रस्ता बघायला लागले. ते झाड मी ओळखलं. साल निघालेली, खाली काचांचा चुरा चमकत होता. तिथं रस्ता सरळ होता. नुकतंच डांबर पडलेला, काळा कुळकुळीत, पाटीसारखा सपाट. रस्त्याच्या कडेला रबराची एक लांब पट्टी पडली होती, नक्षीसकट सोललेली.

"खड्डा कुठंय?" मी विचारलं.

हे समोरच्या सीटचा दांडा धरून बसले होते.

"खड्डा कुठंय, सांगा ना मला."

कंडक्टरनं वळून बघितलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. कर्जत येईपर्यंत उघडले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात मी आणि हे एकमेकांशी बोलत नव्हतो. मी ताट वाढून बाजूला व्हायचे. हे दोन घास खाऊन उठायचे. स्टुडिओ बंदच होता. प्रज्ञा दोघांच्या मधे फिरायची, निरोप सांगायची. मला वाटायचं, ह्यांना सोडून केडगावला जावं, आईजवळ राहावं. आणि वाटायचं, ह्यांच्याशिवाय तुझ्याबद्दल बोलायला मला आहे तरी कोण? तू करायचास ती मास्तरांची नक्कल, तुझं शाळेतलं चोरून आंबे पाडणं, हे सगळं ह्यांनाच ठाऊक. माझा निम्मा दादा ह्यांच्याकडं आहे. हे कुणाला सांगायचं?

एके दिवशी सकाळी हे अंघोळ करून तयार झाले. म्हणाले, "केडगावला चल. मला एकट्याला जमणार नाही."

वहिनी मशीनवर ब्लाउज शिवत होती. आई खाटेवर होती. हे आत आले, पण बसले नाहीत. दाराजवळच उभं राहून म्हणाले, "वहिनी, खड्डा नव्हता."

मशीन थांबलं.

"टायर होता. तोच. त्यानं दाखवला होता मला. मी बदलला नाही. पोलिसांत आज जाऊन सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगायला आलो."

वहिनी म्हणाली, "मला ठाऊक आहे."

ह्यांनी दाराची चौकट धरली.

"जयंतीहून आल्यावर ह्यांनी सगळं सांगितलं होतं मला. जेवले नव्हते त्या दिवशी. म्हणाले, प्रकाशला चारचौघांत बोलायला नको होतं, एकट्याला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं. पुढच्या खेपेला माफी मागून समजावतो म्हणाले." मग तिचा आवाज चढला. मी तिला इतक्या वर्षांत तसं बोलताना ऐकलं नव्हतं. "आणि तुम्ही माझ्या घरात उभं राहून रस्त्याला नावं ठेवलीत, दाजी! त्या माणसानं एवढं सांगितलेलं तुम्ही खड्ड्यात घातलंत. मी रोज वाट बघत होते, कधी येताय म्हणून."

आईनं तोंड फिरवून घेतलं. हे खाली बसले, फरशीवरच. कुणी त्यांना उठवलं नाही. मीही नाही.

वहिनीनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाकीचे तीन कुठं आहेत?"

कुणालाच कळेना.

"टायर. फुटला तो एक. बाकीचे तीन?"

पंचनामा झाल्यावर पोलिसांनी गाडी सोडली होती आणि ह्यांनी ती न बघताच नगरच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली होती. हे ते पुटपुटले. वहिनी म्हणाली, "मग ते कुणाच्या तरी गाडीला लागतील. जा. ते बघा."

आम्ही आधी पोलिसांत गेलो. ह्यांनी जबाब बदलला. साहेब म्हणाले, "का स्वतःच्या गळ्यात घालून घेताय? मिटलंय सगळं." हे म्हणाले, "लिहून घ्या." केस होईल म्हणतात. होऊ दे.

भंगारवाल्याकडं एकच टायर उरला होता. धुऊन, काळं पॉलिश मारून ठेवलेला. हात लावला तर बोटं काळी झाली. बाकीचे दोन शिर्डी-नगर करणाऱ्या एका जीपवाल्यानं नेले, असं त्यानं सांगितलं. "चांगले होते ओ," वर हेही म्हणाला. ह्यांनी तो उरलेला विकत घेतला, तिथलीच करवत मागितली आणि त्याच्या दारात बसून टायर कापला. आतल्या तारा निघाल्या, गंजून लाल झालेल्या. भंगारवाला आधी हसत होता. मग त्यानं वाकून त्या तारांना बोट लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी शिर्डीला गेलो. दर्शनाला नाही गेलो, दादा, जीपस्टँडवर गेलो. फुलं-प्रसादाच्या गाड्यांमधून वाट काढत हे प्रत्येक जीपच्या चाकाशी वाकत होते. लोकांना वाटलं असेल, वेडा आहे. शेवटी सापडली. जीप भरली होती. मागं बायका, लेकरं, टपावर गाठोडी. ड्रायव्हर 'नगर, नगर' ओरडत होता.

"हे मागचे टायर काढा," हे त्याला म्हणाले.

"काय झालं? नवे हायेत की, नक्षी बगा."

"माझ्या गाडीचे होते. काढा. नवे मी घालून देतो."

"ओ शेठ, धंद्याचा टाइम हाय. सीटा भरल्यात. सरका."

ह्यांनी त्याचा हात धरला. "माझा माणूस गेला ह्या टायरनं."

"कोण?"

"मेव्हणा." ह्यांनी त्याचा हात सोडला नाही. "मेव्हणा नंतर झाला. आधी माझा मित्र होता तो. एका बाकावर बसायचो आम्ही. त्यानं सांगितलं होतं मला..."

स्टँडवर, सगळ्या गर्दीत, हे तोंडावर हात घेऊन रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हॉस्पिटलात रडले नव्हते, केडगावात रडले नव्हते.

ड्रायव्हरनं ह्यांच्या कपाळावरच्या टाक्यांच्या खुणांकडं बघितलं. मग गाडीत बसलेल्या लोकांकडं बघितलं. एक म्हातारी मागून ओरडली, "निघायचं का न्हाई रं?" तो म्हणाला, "उतरा आजी. जरा वेळ लागंल." लोक कुरकुरत उतरले. त्यानं सीटखालून जॅक काढला. हे त्याच्याबरोबर खाली बसले आणि नट ढिले करायला लागले.

तुला वाटेल, आता सगळं ठीक झालं. झालं नाही. वहिनी मला विचारते कधी येतेस, ह्यांना विचारत नाही. आई ह्यांचं नाव काढत नाही, पण परवा म्हणाली, "त्याच्या कपाळाची जखम भरली का?" मी 'हो' म्हणाले, तिनं पुन्हा तोंड फिरवलं. वहिनीपाशी तू म्हणाला होतास ना, चारचौघांत बोलायला नको होतं? ते मी ह्यांना त्याच दिवशी ऐकताना पाहिलं. टायरपेक्षा तेच ह्यांना जास्त लागलंय. तू माफी मागायला येणार होतास, आणि चुकलं होतं ह्यांचं.

मी तुझी बहीण आहे आणि ह्यांची बायको आहे. दोन्ही एकदम कसं व्हायचं ते तूच मला कधी शिकवलं नाहीस. ह्यांनी केलं ते माझ्या मनातून गेलेलं नाही. जाईल का, माहीत नाही. कारण कळलं की दुःख कमी होतं, असं तुला वाटायचं. नाही होत, दादा. पण खोटं कारण उशाला घेऊन झोपणं त्याहून वाईट असतं, एवढं मला पटलंय. त्या पंधरा-वीस दिवसांत मला तू गेल्यासारखाच वाटत नव्हतास. कुणीतरी दुसराच गेला होता, खड्ड्यानं गेलेला, नशिबानं गेलेला. आता तू गेलास. माझा दादा गेला.

शिर्डीहून आम्ही एसटीनं परत आलो. दिवस मावळत होता. हे पायरीवर बसले, हात ग्रीसनं काळे, सदऱ्याला माती. प्रज्ञानं पाणी आणून दिलं. हे पाण्याचा तांब्या हातात धरून नुसते बसून राहिले. मी आत भाकऱ्या केल्या, ताट केलं. एरवी ते ठेवून बाजूला झाले असते. मी दारापर्यंत आले.

"हात धुवा," मी म्हणाले. "जेवून घ्या."

एवढंच बोलले, दादा. यापुढचं मला अजून येत नाही.

तुझी,
बेबी